गळालेला ई

सोमवार, ३ मार्च

आज कार्यवाहांनी कचेरीच्या दारावर नोटीस लावली. शब्दकोशाची कचेरी ३१ मार्चला बंद. त्या दिवशी दुपारपर्यंत खोल्या रिकाम्या करून किल्ल्या द्यायच्या. नोटिशीत 'रीकाम्या' असे होते. मी तिथेच खिशातले लाल पेन काढून ऱ्हस्व केले. कार्यवाह शेजारी उभे होते. म्हणाले, "मजकुराबद्दल काही म्हणायचंय का?" मी म्हटले, मजकूर ठीक आहे.

जागेवर येऊन बसल्यावर मजकूर कळला.

कोशाचे सहा खंड छापून झाले आहेत. सातवा, 'स' पासून 'ज्ञ' पर्यंतचा, अजून बाहेर आलेला नाही. बाईंनी, म्हणजे आमच्या संपादिकेने, त्याच्या अकरा हजार नोंदी स्वतःच्या हाताने कोपऱ्यातल्या जुन्या संगणकात भरल्या आणि त्या फक्त तिथेच आहेत. या संगणकाला मी 'थोरले' म्हणतो, बाकीचे 'डबडे' म्हणतात. ३१ तारखेला थोरले भंगारात जाणार.

सातव्या खंडाला उशीर का झाला याची कारणे अनेक आहेत. मी मुद्रिते तपासत होतो. नऊ वर्षांत 'समजूत' या शब्दापर्यंत आलो होतो. मग छापखानेवाल्याने छापखानाच बंद केला आणि तपासलेली पाने त्याच्या रद्दीबरोबर गेली. त्या माणसात चिकाटी नव्हती.

बाई आता त्र्याऐंशीच्या आहेत. डोळ्यांना कडेकडेचे दिसते, समोरचे नाही. नोटिशीचे त्यांना फोनवर सांगितले. मग म्हणाल्या, "शोधक, मला तो खंड हातात हवाय. वाचता येणार नाही, ठाऊक आहे मला. वजन तरी कळेल."

काळजी करू नका, एवढेच म्हणालो.

मंगळवार, ४ मार्च

कार्यवाहांनी तंत्रज्ञ बोलावला. थोरल्यांना पाहून तो आधी हसला, मग त्याने त्यांच्या शेजारी उभे राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. म्हणाला, ही कार्यप्रणाली जगात मोजकेच लोक वापरतात, त्यातले निम्मे हट्टाने.

त्याने सांगितले ते असे. थोरल्यांची तबकडी दुसऱ्या कोणत्याही संगणकाला वाचता येत नाही. नोंदी बाहेर काढायच्या तर त्या थोरल्यांकडूनच काढून घ्याव्या लागतील. त्यासाठी त्याने चाळीस ओळींचा एक आदेश लिहून दिला. पण तो आदेश ज्या भाषेत आहे ती थोरल्यांना येत नाही, आणि त्यांच्यासाठी ती कुठे तयारही मिळत नाही. तिचा मूळ मजकूर आणायचा, थोरल्यांवरच ती बांधायची आणि मग बसवायची.

"कोण बांधणार?" कार्यवाहांनी विचारले.

"ज्याला वेळ आहे तो. मला नाही."

'भाषा' हा शब्द ऐकून मला हायसे वाटले. इतका वेळ तारा आणि खटके यांच्याबद्दल काही असेल असे वाटत होते. भाषेत माझी एकोणतीस वर्षे गेली आहेत. मी म्हटले, द्या इकडे.

घरी सौ.ला सांगितले. तीस वर्षे औषधाच्या दुकानात डॉक्टरांची अक्षरे वाचण्यात गेल्यामुळे ती सहसा दचकत नाही. म्हणाली, "कसं करायचं ते लिहून दिलंय का?" म्हटले, दिले आहे. "मग लिहिलंय तसंच करा." आणि वर्तमानपत्र उचलले.

गुरुवार, ६ मार्च

फार चांगला दिवस गेला.

भाषेच्या मजकुराबरोबर एक सूचनापत्र आहे. ते लिहिणारे गृहस्थ कुठल्या तरी दूरच्या देशात राहतात आणि ही भाषा या प्रणालीवर चालावी म्हणून गेली कित्येक वर्षे एकटे खटपट करतात. पहिल्याच ओळीत त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले आहे की मजकुरात काहीही बदलू नका. त्याच ओळीत स्पेलिंगच्या दोन चुका आहेत. अशा माणसाच्या सूचनेवर किती विसंबायचे हा प्रश्नच आहे.

संपूर्ण मजकूर अफाट आहे. परंतु या प्रणालीसाठी म्हणून गृहस्थांनी स्वतः लिहिलेला भाग एकसष्ट पानांचाच आहे. तो सवयीप्रमाणे छापून घेतला आणि लाल पेन घेऊन बसलो. मजकूर बऱ्यापैकी. शोधन शून्य. मधूनमधून माणसांनी वाचायच्या टिपा आहेत, त्यांत तर अक्षरशः धुमाकूळ. आणि टिपांबाहेर, ऐन आदेशांत, इंग्रजी 'क्रिएट' हा शब्द तीन वेळा आला आहे आणि तिन्ही वेळा त्याच्या शेवटचा ई गळालेला. सी, आर, ई, ए, टी आणि पुढे थेट कंस! तीनही ठिकाणी एकसारखी चूक, म्हणजे अक्षरे जुळवणारा जुळारी एकच असावा.

संध्याकाळपर्यंत सगळे थोरल्यांमध्ये चढवले. एकूण अडतीस ठिकाणी दुरूस्ती केली. एकही चूक नजरेतून सुटलेली नाही याची खात्री आहे.

शुक्रवार, ७ मार्च

बांधकाम सुरू. पहिल्या टप्प्यात ती भाषा थोरल्यांची चौकशी करते. हे आहे का? आहे. ते आहे का? नाही. बरं, मग अमुक तरी आहे का? सौ.ची एक मावशी घरी आली की अशीच दारापासून सुरुवात करते. थोरल्यांनी तीनशेच्या वर प्रश्नांना न चिडता उत्तरे दिली. मला त्यांचा अभिमान वाटला.

मग खरे बांधकाम. सकाळी दहाला सुरू झाले, ते चारपर्यंत चालले. सहा तास पडद्यावरून ओळी सरकत होत्या. अधूनमधून एखादा इशारा येई, पण सूचनापत्रात लिहिले आहे की इशाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. हे बरे आहे. मी दोनदा चहा प्यायलो आणि एकदा कार्यवाहांना बोलावून दाखवले.

चार वाजता, सगळे भाग तयार होऊन एकत्र जोडताना, थोरले थांबले. शेवटच्या ओळीत म्हटले होते की 'क्रिएट' या शब्दाची व्याख्या नाही.

व्याख्या नाही! शब्दकोशाच्या कचेरीत बसून!

सोमवार, १० मार्च

पुन्हा बांधले. पुन्हा सहा तास आणि पुन्हा तेच. "क्रिएटची व्याख्या नाही." निदान स्पेलिंग तरी शुद्ध केले आहे, शेवटचा ई अगदी जागच्या जागी आहे.

खात्री असावी म्हणून कपाटातला मोठा इंग्रजी कोश काढून पाहिला. शब्द बरोबर आहे. निर्माण करणे, उत्पन्न करणे, घडवणे. तेव्हा दोष शब्दात नाही, यंत्राच्या शिक्षणात आहे.

कार्यवाह फीत घेऊन खोलीचे माप घ्यायला आले होते. माझ्या खुर्चीचेही घेतले. मी त्या वेळी खुर्चीत बसलेला होतो.

मंगळवार, ११ मार्च

धुळीचा संशय आला. थोरल्यांची पाठ उघडून मऊ कुंचल्याने साफ केली. आत एक टाचणी, अर्धा खडू आणि बाईंचा हरवलेला कानातला मोती निघाला.

पुन्हा बांधले. व्याख्या नाही.

गुरुवार, १३ मार्च

आज वेगळा मार्ग धरला. व्याख्या नाही म्हणतोस ना, मग घे. इंग्रजी कोशातली 'क्रिएट'ची संपूर्ण नोंद, व्युत्पत्ती आणि उदाहरणांसह, एका फाइलमध्ये टाइप केली आणि मजकुराला जोडली. अडीच तास लागले. मग बांधायला सुरुवात केली.

तिसऱ्या मिनिटाला तीनशे बारा तक्रारी आल्या. एका शब्दाचा अर्थ समजावून सांगितला तर ही कृतज्ञता! फाइल काढून टाकली.

बाईंना फोन केला, मोती सापडल्याचे सांगायला. त्यांनी मोत्याबद्दल काहीच विचारले नाही. "कुठवर आलंय?" म्हणाल्या.

"जवळजवळ झालंय, बाई."

"नऊ वर्षं हेच ऐकतेय."

वयामुळे बोलणे जरा तिखट झाले आहे. ते मनावर न घेण्याचे ठरवले. पण संध्याकाळी जेवण गेले नाही.

शुक्रवार, १४ मार्च

नाकी नऊ आले. शेवटी दूरच्या गृहस्थांना ई-मेलने पत्र लिहिले. थोरल्यांची प्रकृती, खोलीचे तापमान, आतापर्यंतच्या चार बांधकामांचा वृत्तांत, सगळे सविस्तर कळवले. त्यांच्या मजकुरातल्या अडतीस चुकांचा उल्लेख मात्र मुद्दाम टाळला. एवढी वर्षे एकटा खपणारा माणूस, उगाच कशाला दुखवायचे?

सोमवार, १७ मार्च

गृहस्थांचे उत्तर आले. या प्रणालीवर आपली भाषा कोणीतरी खरोखर बांधते आहे हे वाचून त्यांना इतका आनंद झाला की पत्रात तीन ओळी नुसते आभार आहेत. मग एकच प्रश्न. तुम्ही मजकुरात काही बदललंत का?

मी लगेच उलट टपाली कळवले की काहीही बदललेले नाही. शुद्धलेखन म्हणजे बदल नव्हे.

बुधवार, १९ मार्च

गृहस्थ म्हणतात की त्यांच्याकडे ती भाषा व्यवस्थित बांधली जाते, त्यांनी काल मुद्दाम पुन्हा करून पाहिली. त्यांना काही उलगडा होत नाही. तुमची प्रत मूळ प्रतीशी ताडून पाहा, एवढेच ते सुचवतात.

कार्यवाहांनी आज कपाटे नेली. सहा खंड जमिनीवर ठेवले आहेत. सातव्यासाठी मी सवयीने कडेला जागा सोडली आणि मग तिकडे बघवेना. बारा दिवस उरले. मला भीती वाटते आहे. हे कोणाला सांगितलेले नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

शनिवार, २२ मार्च

ताडून पाहणे म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, अक्षर न् अक्षर, विरामचिन्हांसकट. दुसऱ्याने आपली प्रत डोळ्यांत तेल घालून पाहायची. कचेरीत पूर्वी यासाठी वेगळा वाचक असे. आता सौ. आहे.

मूळ मजकूर नव्याने छापून आणला. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलो. सौ.ने चष्मा पुसला आणि सुरुवात केली. तिला त्यातले ओ की ठो कळत नव्हते, पण वाचन असे खणखणीत की ऐकत राहावे. "कंस सुरू. तारा. एन, ए, एम, ई. स्वल्पविराम. शून्य. कंस पूर्ण. अर्धविराम. नवी ओळ, चार जागा सोडून."

दुसऱ्या पानावर थांबली. "इथे 'रिसीव्ह'मध्ये आय आधी आहे. तुमच्याकडे?"

"ई आधी. ती चूक मी काढली. पुढे वाच."

"म्हणजे फरक आहे."

"फरक नाही, सुधारणा आहे. पुढे."

तिने पेन्सिलीने समासात एक बारीक टिंब दिले. पुढेही जिथे जिथे मी "पुढे" म्हणालो तिथे तिथे टिंब दिले. एवढे मला दिसत होते. दुपारपर्यंत तीस पाने झाली. तिचा घसा बसला, म्हणून थांबलो.

रविवार, २३ मार्च

आजची नोंद लिहावी की नाही याचा विचार करत होतो. लिहितो.

सकाळी पुन्हा बसलो. चव्वेचाळिसाव्या पानावर सौ. वाचत होती, "सी, आर, ई, ए, टी. कंस सुरू."

"पुढे," मी म्हणालो.

"अहो, ई नाहीये इथे."

"माहीत आहे. मी घातला. पुढे."

तिने कागद खाली ठेवला. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "हा तोच शब्द ना? रोज घरी येऊन ज्याच्या नावाने बोटं मोडता तो?"

"तोच. यंत्राला त्याचा अर्थ..."

माझे वाक्य तिथेच राहिले. ते पुढे कसे पूर्ण करायचे होते ते अजूनही आठवत नाही.

"का घातलात?"

"हवा म्हणून."

"कोणाला हवा?"

यावर मी बरेच बोललो. इंग्रजीत शेवटचा ई उच्चारला जात नाही पण लिहिला जातो, ही सगळ्या जगाला मान्य असलेली गोष्ट आहे, वगैरे. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "तीस वर्षं औषधं दिली मी. चिठ्ठीवर लिहिलंय ते द्यायचं. शंका आली तर डॉक्टरांना विचारायचं. आपल्या मनाने बदलायचं नाही. मी तुमच्यासारखी सुधारत बसले असते तर अर्धी गल्ली आडवी झाली असती."

आणि चहा टाकायला उठली.

मी गृहस्थांना दोन ओळींचे पत्र लिहिले. तीन ठिकाणी ई घातला आणि टिपांत पस्तीस दुरुस्त्या केल्या एवढे कळवले, आणि ई गळाला ही कदाचित छपाईतली चूक असेल, असेच त्यात विचारले.

सोमवार, २४ मार्च

गृहस्थांचे उत्तर फार सभ्य आहे, त्यामुळे जास्त लागले. त्यांनी लिहिले आहे की तो इंग्रजी शब्द नाही, ते एका कामाचे नाव आहे. फार पूर्वी ज्याने ते पहिल्यांदा ठेवले त्याने शेवटचा ई गाळला. का, ते विचारण्यात आता अर्थ नाही. तेव्हापासून सगळे त्याला त्याच नावाने हाक मारतात आणि ते त्याच नावाला ओ देते. ई लावलात की तिथे कोणीच राहत नाही. बाकीच्या पस्तीस चुका टिपांमध्ये आहेत, त्या यंत्र वाचत नाही, त्यामुळे ठीक. त्यांची यादी पाठवलीत तर आभारी राहीन.

सतरा दिवस! माझ्या तीन ईंनी सतरा दिवस खाल्ले. कपाळाला हात लावून बसलो.

बाईंना सांगणे भाग होते. फोनवर सगळे सांगितले, काही लपवले नाही. पलीकडून हुंदक्यांसारखा आवाज आला. मला वाटले, रडताहेत. मग कळले की हसताहेत. इतक्या हसल्या की फोन शेजारणीच्या हातात द्यावा लागला. परत घेतल्यावर म्हणाल्या, "शोधक, कोशात आपण काय करतो? लोकांच्या तोंडात जो शब्द आहे तो घेतो. कसा असायला हवा होता ते नाही विचारत. त्या यंत्राच्या लोकांचा शब्द तेवढा तुम्हाला चालेना!"

मी म्हटले, चुकलो. हा शब्द मी यापूर्वी कधी वापरला होता ते आठवून पाहिले. आठवला नाही.

मंगळवार, २५ मार्च

थोरल्यांसमोर बसलो आणि तीन ठिकाणचे तीन ई काढले. पहिल्याच्या वेळी बोट कळीवर ठेवून किती वेळ गेला कोण जाणे. बरोबर दिसणारे अक्षर आयुष्यात प्रथमच माझ्या हाताने खोडले. दुसरा त्यामानाने सोपा गेला. तिसरा नुसता काढला.

दहा ते चार. जोडणीची वेळ आली तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे काहीच आवाज झाला नाही. वळून पाहिले तर बांधकाम पूर्ण.

कार्यवाह टेबले मोजत होते. मी त्यांना मिठी मारली. त्यांनी ती सहन केली.

बुधवार, २६ मार्च

बसवण्याआधी त्या भाषेची परीक्षा घ्यायची असते. एक हजार दोनशे चार प्रश्न. उत्तीर्ण एक हजार दोनशे एक.

तीन चुका. मी गृहस्थांना कळवले की त्या सापडेपर्यंत भाषा बसवता येणार नाही. त्यांचे उत्तर तासाभरात आले. ती तीन माझ्याकडेही चुकतात, गेली सहा वर्षे, तुमच्या कामाशी त्यांचा संबंध नाही, कृपा करून बसवा. 'कृपा करून' दोनदा लिहिले होते.

तीन चुका माहीत असताना पुढे जायचे! सौ.ला फोन केला. ती म्हणाली, "चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

"बसवा असं."

"मग?"

बसवली.

गुरुवार, २७ मार्च

तंत्रज्ञाचा चाळीस ओळींचा आदेश चालवला. त्यात त्याने 'नोंद' हा शब्द इंग्रजी अक्षरांत भलताच लिहिला आहे. मी हात मांडीखाली घेऊन बसलो.

आणि थोरले बोलायला लागले. 'स' म्हणजे सह. सई. सकट. सकळ. तारेतून एकेक शब्द पलीकडच्या नव्या संगणकावर उतरत होता. अकरा हजार एकशे सहा नोंदी. 'समजूत' मागे पडला आणि पुढचे शब्द मी पहिल्यांदाच पाहत होतो. हमाल खुर्च्या उचलायला आले होते, तेही उभे राहून पाहू लागले. एकाने विचारले, "काय चाललंय?" मी म्हटले, सातवा खंड. त्याला काही कळले नसावे, पण त्याने डोक्यावरचे फडके काढले.

शेवटी 'ज्ञ' आला. मी डोळे पुसले. धूळ फार आहे तिथे.

शुक्रवार, २८ मार्च

कार्यवाह म्हणतात, कचेरी आहे तोवरच छपाईचा हुकूम निघू शकतो. सोमवारी दुपारी बारापर्यंत मजकूर छापखान्यात गेला तर गेला. नंतर हुकूम द्यायला कोणी उरणार नाही.

पण कोणीही न तपासलेला मजकूर! फक्त एक वाचन. एकच. मी मनाशी हिशेब केला, दोन वर्षांत होईल. उद्या बाईंकडे जातो. त्या वरिष्ठांना फोन करून मुदत मागू शकतात.

शनिवार, २९ मार्च

बाईंकडे गेलो. खोलीत खिडकीपाशी बसल्या होत्या, मान थोडी वळवून, म्हणजे मी त्यांना कडेने दिसावा. मी मोती त्यांच्या हातावर ठेवला आणि विषय काढला. त्यांनी मला बोलू दिले. मग म्हणाल्या, "सगळा मजकूर आणलाय का बरोबर?"

आणला होता. छापून, दोन पिशव्यांत.

"'सुधारणे' काढा. मोठ्याने वाचा."

मी पान शोधले आणि वाचू लागलो. "सुधारणे. क्रियापद. एक, चूक किंवा दोष दूर करणे. दोन, आजारातून बरे होणे; जसे, रोगी सुधारला. तीन, विनोदाने, चांगले चाललेले काम अडवून धरणे. जसे, मुद्रीतशोधकाने नऊ वर्षे वाक्य सुधारले."

मी पान खाली ठेवले.

"अडखळलात," बाई म्हणाल्या.

"नाही, बाई."

"अडखळलात. 'मुद्रीत'पाशी. द्र दीर्घ आहे तिथे. मीच केलाय."

त्या मोती बोटांत फिरवत होत्या. "दर पानावर मी एक चूक मुद्दाम ठेवायचे, तुमच्यासाठी. म्हटलं, एक सापडली की समाधान होईल, पान पुढे सोडाल. तुम्हाला ती सापडायची. आणि मग तुम्ही म्हणायचात, एक आहे म्हणजे आणखी असणार."

तसेच म्हणायचो. अगदी याच शब्दांत.

"तेव्हा त्या नऊ वर्षांतली निम्मी माझी," त्या म्हणाल्या. "कधीतरी सांगायचंच होतं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. फार वेळ आम्ही दोघेही हसत होतो, आणि मधेच कधीतरी माझे हसू थांबून दुसरेच काहीतरी सुरू झाले. त्यांनी माझ्या हातावर थोपटले.

"पुढच्या पानांवरही आहेत का, बाई?"

"मागच्या मी डोळे होते तेव्हाच काढल्या. 'समजूत'नंतर एवढी एकच. तुम्ही तिथवर याल असं काही वाटेना."

"मग ही काढतो."

"ती नका काढू," बाई म्हणाल्या. "ती तुमची आहे."

मुदतीचा विषय मग निघालाच नाही.

सोमवार, ३१ मार्च

साडेअकराला मजकूर पाठवला. न वाचता. पाच मिनिटांनी किल्ल्या दिल्या.

थोरल्यांना भंगारवाल्याच्या गाडीतून उतरवून घेतले आणि घरी आणले. सौ.ने त्यांना शिवणयंत्राशेजारी जागा करून दिली. गृहस्थांना अडतीस चुकांची यादी पाठवली, तीन वगळून.

शनिवार, १९ एप्रिल

खंड आला. पहिली प्रत घेऊन मी आणि सौ. बाईंकडे गेलो. मी तो त्यांच्या दोन्ही हातांवर ठेवला. हात किंचित खाली गेले. त्यांनी तो मांडीवर घेतला, कडा चाचपल्या, उघडून वास घेतला.

"जड आहे," म्हणाल्या.

मग सौ.ला म्हणाल्या, "तुम्ही वाचा. लिहिलंय तसं वाचता, असं ऐकलंय." सौ.ने 'सुधारणे' काढून खणखणीत वाचले आणि 'मुद्रीत'मधला दीर्घ असा लांबवला की बाईंनी टाळी दिली. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो, पण हसत होतो.

संध्याकाळी ही वही सुरुवातीपासून चाळली. ६ तारखेच्या नोंदीत मी 'दुरूस्ती' असा रू दीर्घ लिहिला आहे. लाल पेन शेजारीच होते.

राहू दे.